फोन मोकळा, रेंज कुणाची?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या केजच्या बाजारात दोन वाटांनी पैसा येतो. एक सोयाबीनचा, दुसरा ऊसतोडीच्या उचलीचा. देणी भागली, किराणा-कपडे झाले की पुष्कळ घरांत नवा मोबाईल येतो. दुकानाच्या काउंटरवर तेव्हा एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यात कुठलंबी कार्ड चालतं ना?" दुकानदार म्हणतो, "चालतंय की!" हे उत्तर खोटे नसते. आज भारतात विकला जाणारा जवळपास प्रत्येक स्मार्टफोन सिम लॉकविना, म्हणजे एकाच कंपनीच्या कार्डाला न बांधता येतो. पण फोन मोकळा असला म्हणजे ग्राहकही मोकळा झाला, असे मात्र होत नाही. फोनची खरेदी, त्यातले कार्ड, आपला नंबर आणि गावातला टॉवर या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या एकेक करून सोडवून पाहिल्या, तर मोकळ्या फोनचा फायदा नेमका किती, हे कळते.

कंपनीला बांधलेले फोन

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम त्यावर बोलले. तेव्हापासून जीएसएम पद्धतीत फोन वेगळा आणि कार्ड वेगळे ही विभागणी आपल्याकडे रुजली. फोन बाजारातून घ्यायचा, कार्ड कंपनीकडून.

या रीतीला मोठा अपवाद ठरली सीडीएमए या वेगळ्या पद्धतीची सेवा. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन घरी न्यायची 'मान्सून हंगामा' योजना आली. तोवर मोबाईल ही डॉक्टर, ठेकेदार आणि पुढाऱ्यांची वस्तू होती. १ मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागणे बंद झाले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मोबाईल सामान्य माणसाच्या खिशात शिरला. पण त्या फोनमध्ये बहुधा कार्ड घालायची सोयच नसे; नंबर थेट फोनमध्येच भरलेला असे. कंपनी सोडायची तर फोनही टाकून द्यावा लागे. टाटा इंडिकॉमच्या बहुतेक फोनची गतही तीच.

दुसरा अपवाद श्रीमंतांचा. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी भारतात आला तो व्होडाफोन आणि एअरटेल या दोन कंपन्यांमार्फत. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये, तीही एकरकमी, आणि तरीही फोन त्या-त्या कंपनीला बांधलेला. परदेशात कंपनी फोन स्वस्तात देते म्हणून लॉक लावते. आपल्याकडे पूर्ण किंमत घेऊन लॉक लावला गेला. ग्राहकांना ते रुचले नाही, यात नवल नाही.

तिसरा अपवाद केजसारख्या तालुक्यांना अधिक जवळचा. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन १,५०० रुपये अनामत भरून मिळे. ती अनामत तीन वर्षांनी परत मिळायची होती, पण अटींनुसार वर्षाला किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज करणे भाग होते आणि फोनवर जिओचेच कार्ड चाले. त्याच वर्षी एअरटेलने कार्बनच्या स्मार्टफोनवर १,५०० रुपये परतीची योजना आणली; तिथे फोनला लॉक नव्हता, पण पैसे परत हवे तर ३६ महिने दरमहा १६९ रुपयांचे रिचार्ज करत राहायचे होते. एकाने फोन बांधला, दुसऱ्याने माणूस. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओ भारत हा बटनाचा ४जी फोनही जिओच्याच कार्डावर चालतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी स्वस्त फोन घेताना ही गोष्ट खरेदीपूर्वीच माहीत असावी.

हे अपवाद अपवादच का राहिले, याचे कारण आपल्या बाजाराच्या घडणीत आहे. भारतातले नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक प्रीपेड आहेत. दोन वर्षांच्या करारावर दरमहा बिल भरणारा ग्राहकच नसेल, तर फोनवर दिलेली सवलत कंपनी वसूल कुणाकडून करणार? त्यामुळे फोन स्वस्त देऊन बांधून घेण्याचा धंदा इथे फोफावलाच नाही.

बाहेरच्या देशांनी काय केले

ज्या देशांत तो फोफावला तिथे सरकारला मध्ये पडावे लागले. अमेरिकेत जानेवारी २०१३ पासून, नव्याने घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणे कॉपीराइट कायद्याच्या कचाट्यात आले. ग्राहकांनी ओरड केली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीने अनलॉकिंगला मुभा देणारा कायदा झाला. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून सगळे फोन अनलॉक करूनच विकायचे, असा नियम केला. जपानने १ ऑक्टोबर २०२१ पासून सिम लॉकवर बंदी आणली आणि ब्रिटनने त्याच वर्षी डिसेंबरपासून लॉक केलेले फोन विकणे थांबवले. अमेरिकेत मात्र कंपन्यांचा लॉक आजही आहे. ठरावीक मुदत किंवा हप्ते पूर्ण झाल्यावर तो निघतो.

याचा केजशी संबंध काय? पुण्यात शिकून अमेरिकेत किंवा आखातात गेलेली मुले मराठवाड्याच्या गावागावांत आहेत. ती सुट्टीत येताना वडिलांसाठी, मेहुण्यासाठी फोन आणतात. अमेरिकेतून आलेला फोन तिथल्या कंपनीला लॉक असेल, तर इथले एकही कार्ड त्यात चालत नाही. तो लॉक दुकानातून तोडून घेण्याऐवजी मूळ कंपनीकडून काढून घ्यावा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या भागात सिमवर बंधन आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनांना कार्डाची खाचच नाही, ते फक्त ई-सिमवर चालतात. इथल्या कंपन्या ई-सिम देतात, पण फोन बदलताना कार्ड काढून दुसऱ्यात घालण्याची सोपी सवय तिथे उपयोगी पडत नाही.

सगळी कार्डे चालतात, पण सारखी चालत नाहीत

सिम लॉक नसलेल्या फोनचीही एक मर्यादा असते, तिला बँड म्हणतात. प्रत्येक कंपनीने सरकारकडून लिलावात ठरावीक लहरी घेतलेल्या आहेत. ज्या लहरींवर कंपनीचा टॉवर बोलतो, त्याच लहरींवर फोनलाही बोलता आले पाहिजे. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते. एअरटेलकडे ९००, १८००, २१०० आणि २३०० आहेत. व्हीआयकडे (व्होडाफोन-आयडिया) ९००, १८००, २१०० आणि २५००. बीएसएनएलचे ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० वर आहे.

आकडा जितका लहान, तितकी लहर लांब जाते आणि भिंतींतूनही आत शिरते. आकडा मोठा, तितकी ती जास्त डेटा वाहते पण लवकर थकते. केज तालुका बालाघाटच्या चढउतारांवर पसरलेला आहे. विड्यासारखे गाव किंवा धनेगावचा मांजरा धरणाकाठचा शिवार घेतला, तर तिथे वेगापेक्षा पोहोच महत्त्वाची. शेतातल्या आखाड्यावर किंवा पत्र्याच्या घरात रेंज टिकते ती बहुधा लहान आकड्याच्या बँडमुळे.

याचा प्रत्यक्ष परिणाम २०२४-२५ मध्ये दिसला. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेल आणि व्हीआयचा २८ दिवसांचा १७९ रुपयांचा पॅक १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९. लोक बीएसएनएलकडे वळले. त्या एका महिन्यात देशभरात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. सी-डॉट, टीसीएस आणि तेजस नेटवर्क्स यांच्या देशी तंत्रावर बीएसएनएलचे ४जी उभे राहत होते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा येथून त्याचे देशव्यापी लोकार्पण केले. पण ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ चा, फोनला आधार नसेल तर बीएसएनएलचा नवा टॉवर जवळ असूनही त्या फोनला त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही. अनेक जुन्या स्वस्त फोनमध्ये हा बँड नव्हता. कार्ड बदलूनही नेट का चालत नाही, या तक्रारीचे उत्तर कित्येकदा टॉवरमध्ये नसून फोनमध्ये असते.

दुसरी अडचण आवाजाची. ५ सप्टेंबर २०१६ रोजी आलेल्या जिओकडे २जी किंवा ३जी नाही. तिथे बोलणेही ४जीवरूनच, व्होल्टीईने होते. फोनमध्ये नुसते ४जी असून भागत नाही, त्या कंपनीसाठी व्होल्टीई सुरूही असावे लागते. परदेशी बनावटीच्या काही फोनमध्ये ते नसते, मग नेट चालते आणि कॉल लागत नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलकडे २जी अजून असल्याने तिथे असा फोन निदान बोलण्यापुरता चालतो. एअरटेलने ३जी मात्र २०२० मध्येच गुंडाळले. म्हणून कपाटातला जुना ३जी फोन आज त्या कार्डावर फक्त २जी फोन आहे.

५जीचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जीचा शुभारंभ झाला तेव्हा जिओने स्वतंत्र ५जी यंत्रणा निवडली आणि एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारी. पेटीवर ५जी लिहिलेल्या अनेक फोनना तेव्हा कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटची वाट पाहावी लागली; आयफोनना तो डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला.

हप्त्याचा लॉक आणि सेकंडहँड बाजार

सिम लॉक मागे पडला आणि त्याची जागा आज हप्त्याच्या लॉकने घेतली आहे. थोडे डाउन पेमेंट, मग आठ-बारा हप्ते, अशी खरेदी तालुक्याच्या गावी रोजची झाली आहे. अशा फोनमध्ये अनेकदा विक्रीच्या वेळीच कर्ज देणाऱ्या संस्थेचे नियंत्रण ॲप बसवलेले असते. हप्ता थकला की फोनचा पडदा लॉक होतो. सिम लॉकमध्ये दुसऱ्या कंपनीचे कार्ड तेवढे अडते, इथे आख्खा फोन अडतो. कर्जवसुलीसाठी असा लॉक कितपत चालावा, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेपुढे असल्याचे २०२५ मध्ये सांगितले गेले. ऊसतोड मजुराचे उत्पन्न हंगामी असते आणि हप्ता दरमहा येतो. फडात असताना बँकेत पैसे भरायला जाणे जमले नाही आणि फोन बंद पडला, तर घरच्यांशी संपर्कही त्याच दिवशी तुटतो. हप्त्यावर फोन घेऊच नये असे नाही, पण कागदावर सही करताना लॉकची अट आहे का, हे विचारावे आणि कर्ज फिटल्यावर लॉक काढल्याची खात्री करून घ्यावी.

सेकंडहँड फोन घेणाऱ्याने तर तिप्पट सावध असावे. जुन्या मालकाचे हप्ते बाकी असतील तर फोन महिन्याभराने लॉक होऊ शकतो. जुन्या मालकाचे गुगल खाते किंवा ॲपलचे खाते निघाले नसेल, तर रिसेट केल्यावर फोन उघडतच नाही. आणि फोन चोरीचा असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचा क्रमांक, सरकारच्या यादीत बंद झालेला असू शकतो. मग कोणत्याही कंपनीचे कार्ड घातले तरी नेटवर्क मिळत नाही. तपासणी अवघड नाही. *#०६# दाबले की आयएमईआय दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवरही हे करता येते आणि हरवलेला फोन देशभर बंदही करता येतो. आयएमईआय बदलून देणाऱ्याच्या नादी लागू नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. आयएमईआयच नसलेल्या चिनी फोनांची सेवा ३० नोव्हेंबर २००९ च्या मुदतीनंतर बंद करण्याचा आदेश निघाला होता, हे तेव्हाचे दुकानदार विसरले नसतील.

नंबर हाच खरा दस्तऐवज

फोन मोकळा असून पूर्वी माणूस कंपनी सोडत नसे, कारण नंबर जात असे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची, म्हणजे पोर्टिंगची सोय आधी हरियाणात आली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. तीही सुरुवातीला आपल्या सर्कलपुरतीच होती. महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल आणि मुंबई वेगळे, त्यात ठाणे-कल्याणही येतात. म्हणून केजचा माणूस पुण्याला गेला तर पोर्ट करू शकत होता, कल्याणला गेला तर नाही. ३ जुलै २०१५ पासून ही भिंतही पडली.

आज पोर्टसाठी इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर पाठवायचा. येणारा कोड चार दिवस चालतो. आपल्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे आणि जुलै २०२४ च्या नियमानुसार कार्ड बदलून घेतले असेल तर सात दिवस थांबावे लागते. एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत काम होते. पॅक संपलेला असला तरी पोर्टचा संदेश पाठवता आला पाहिजे, असे दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. जुन्या कार्डावरचा उरलेला पॅक मात्र नव्या कंपनीत येत नाही, म्हणून पोर्ट पॅक संपत आल्यावर करावे. हा कोड कुणालाही सांगू नये.

एवढी काळजी नंबरची का? कारण नंबर आता आधार, बँक आणि सरकारी योजनांना जोडलेला आहे. पीएम किसानची केवायसी असो किंवा सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेली लाडकी बहीण योजनेची, ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवरच येतो. रिचार्जअभावी बंद पडून नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर नुसता संपर्कच नाही, पैसाही अडकतो. ९० दिवस वापर नसला तरी किमान २० रुपये शिल्लक असतील तर प्रीपेड नंबर लगेच बंद करू नये, असा ट्रायचा २०१३ पासूनचा नियम आहे. तो माहीत असावा, पण त्यावर विसंबून राहू नये.

दोन कार्डांचा तोडगा

भारतीय ग्राहकाने मोकळेपणाचा खरा उपयोग केला तो दोन सिमच्या फोनमधून. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांनी हे फोन गावोगाव नेले आणि नोकियासारख्या बलाढ्य कंपनीलाही २०११ मध्ये दोन सिमचे फोन आणावे लागले. ऊसतोड मजुरासाठी ही चैन नव्हती. बीड जिल्ह्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, तशाच सीमा ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. कर्नाटक वेगळे सर्कल, म्हणजे रोमिंग. मे २०१५ मध्ये ट्रायने रोमिंगमधल्या येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ४५ पैसे केली. म्हणजे तोवर त्याहून जास्त लागत होते. गावाकडे राहिलेल्या लेकरांशी बोलायचे तर घरचे एक आणि तिकडचे एक, अशी दोन कार्डे सोयीची पडत. जिओ आल्यावर रोमिंगचा आकार संपला, एअरटेलनेही २०१७ मध्ये तो काढला. आता दुसरे कार्ड लागते ते फडावर ज्या कंपनीची रेंज येते तिचे.

दोन कार्डांचा खर्च मात्र वाढला आहे. दुसरे कार्ड नुसते जिवंत ठेवायचे तरी रिचार्ज लागते. ज्यांना नेट नकोच, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि संदेशांचे पॅक द्या, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये काढला आणि जानेवारी २०२५ पासून तसे पॅक आले. मुलाच्या फोनवर नेट चालते अशा घरातल्या आजी-आजोबांच्या फोनसाठी ते पाहावेत.

शेवटी टॉवर

एवढे सगळे जुळून आले तरी गावात एकाच कंपनीचा टॉवर असेल, तर मोकळ्या फोनचा उपयोग काय? केज शहरात निवड आहे. वाडी-वस्तीवर ती घटते. दुसऱ्या कंपनीचा दर कमी असला तरी तिची रेंज ओढ्याच्या अलीकडेच संपत असेल, तर पोर्टची मुभा कागदावरच राहते. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की आहे ती रेंजही संपते. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या नेटवर्कचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. ते पाहावेत, पण त्यांच्या भरवशावर कार्ड घेऊ नये. आपल्या गावात, आपल्या घरात आणि आपल्या शेतात शेजाऱ्याच्या फोनवर कॉल लावून पाहणे हीच खात्रीची चाचणी.

सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर एकाहून अधिक कंपन्यांचे ग्राहक बोलू शकतील, अशी सोय केंद्राने १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू केली. मोकळ्या फोनला खरा अर्थ देणारी ही गोष्ट आहे. सिम लॉक काढण्याचा लढा परदेशात लढला गेला, आपल्याला तो लढावाच लागला नाही. आपला लढा टॉवर सर्वांना खुला होण्याचा आहे.

तोवर फोन घेणाऱ्याने क्रम उलटा लावावा. आधी आपल्या गावात आणि आपण जिथे कामाला जातो तिथे कोणाची रेंज आहे ते पाहावे. मग त्या कंपन्यांचे बँड आणि व्होल्टीई असलेला फोन निवडावा, बीएसएनएलचा विचार असेल तर बँड २८ विचारून घ्यावा. हप्त्याची अट वाचावी, बिल आणि पेटी जपून ठेवावी, आणि रंग-कॅमेरा सगळ्यात शेवटी पाहावा. ज्या गावात एकाच कंपनीची रेंज आहे, त्या गावाने पुढच्या ग्रामसभेत टॉवर सामायिक करण्याचा ठराव घ्यावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि खासदारांकडे पाठवावा. ती मागणी मान्य झाली, तरच खिशातला मोकळा फोन कामाचा.